ह्यांच्या पायाचं माप

भूमच्या अलीकडं रस्त्याला कडब्याचा एक अड्डा लागतो. तिथवर मोटरसायकल मी चालवत न्यायची आणि तिथं आमच्या मालकांनी मागून उतरायचं, असं आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. पुढं मी गाडी घेऊन जायची, ते चालत यायचे. बघणाऱ्याला वाटावं, बायको तिच्या कामाला आली, नवरा त्याच्या.

त्या दिवशी मात्र उतरल्यावर ते म्हणाले, "आण इकडं."

मी गाडी बंद केली. हँडल त्यांनी धरलं आणि वेल्डिंगच्या दुकानापर्यंत गाडी ढकलत नेली. मी दोन्ही खांद्यांवर रेक्झिनच्या रिकाम्या पिशव्या टाकून मागं चालले. तीनशे पावलं तरी असतील. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला. टाकीत पेट्रोल होतं, गाडी एका किकमध्ये चालू होत होती, आणि ती चालवणारी बाई मागून पायी. तेव्हाच मला राग यायला पाहिजे होता. तेव्हा नुसतं वाईट वाटलं. राग नंतर आला, आणि आला तो अजून गेलेला नाही.

मी परकर शिवते. परकर, गाऊन, लहान पोरींचे पेटीकोट. भूमच्या आणि ईटच्या बाजारात बसून विकते. आधी गाठोडं घेऊन एसटीनं जायची. कंडक्टर म्हणायचा, गाठोडं टपावर टाका. टपावर टाकलं की धुळीनं पांढऱ्या परकराची माती व्हायची. आत ठेवलं की बसलेल्या बायका पाय ठेवायला जागा नाही म्हणून शिव्या द्यायच्या. संध्याकाळची गाडी चुकली तर वडापच्या जीपमध्ये मांडीवर गाठोडं घेऊन यायचं.

मोटरसायकल घरात होती. मालकांचीच. पण त्यांना ती चालवायची नव्हती, कारण त्यांना फिट येते.

हे वाक्य आता मी सरळ लिहिते. तेव्हा आमच्या घरात हे वाक्य नव्हतं. लग्नानंतर काही वर्षांनी पहिली फिट आली, ती घरात, जेवताना. सासूबाईंनी नाकाला चप्पल लावली आणि बाहेरचं दार लावून घेतलं. दुसरी आली ती गाडीवर. पुढं टाकीवर आमची लेक बसलेली, मी मागं. गाडी हळूच रस्ता सोडून ज्वारीच्या रानात शिरली आणि आडवी झाली. कुणाला फार लागलं नाही. लेक धाटांत पडली आणि हसायला लागली, तिला वाटलं बापानं गंमत केली. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, आणि गाडीचं हँडल पुन्हा हातात धरायचं नाही, असं निक्षून सांगितलं.

गावात आम्ही सांगितलं, मणक्याचा त्रास आहे, गाडी चालवायला बंदी केलीय. कारण मालक सीझनला साखर कारखान्यावर असायचे, गव्हाणीपाशी, जिथं उसाच्या मोळ्या खाली पडतात आणि साखळी त्यांना ओढून नेते. फिट येणाऱ्या माणसाला तिथं कोण उभं करील? आणि तिथं उभं केलं नाही तर दुसरीकडं कुठं करील? म्हणून मणका. सहा वर्षं आम्ही तो मणका सांभाळला.

गाडी मला त्यांनीच शिकवली. हे मी विसरत नाही, रागातसुद्धा. गावाबाहेरच्या माळावर, लोक उठायच्या आत. मागं बसून खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "क्लच सोड. हळू. हळू. बगितलंस, बंद पडली न्हाय." माझी उंची कमी. गाडी थांबली की मला एका अंगाला सरकून एक पाय टेकवावा लागतो, तोही टाच वर राहून, नुसत्या चवड्यावर. त्यांनी ते बघितलेलं होतं. तो पाय कसा जातो, कुठं जातो, हे जगात माझ्याखालोखाल फक्त त्यांना माहीत होतं.

तर पिशव्या. बार्शीला एका दुकानात मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लावायच्या बॅगा टांगलेल्या मी बघितल्या होत्या. लांब भटकायला जाणारी पोरं लावतात तसल्या. किंमत ऐकली आणि मी नुसती शिवण बघून घेतली. आत कुठं दुहेरी टाका आहे, पट्टा कुठून कुठं नेलाय, तळाला काय घातलंय. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक बारकाईनं बघतंय.

माझ्या भावाचं येडशीला गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. त्यानं रेक्झिनचे तुकडे दिले, आणि मोडीतल्या एका जीपचे सीटबेल्टचे पट्टे. आतून मी खताच्या पोत्याचं अस्तर लावलं, पाणी आत जाऊ नये म्हणून. तळाला जुन्या पाण्याच्या टाकीचं प्लॅस्टिक कापून घातलं. घरच्या मशीनवर रेक्झिन चालेना, तीन सुया मोडल्या, मग पट्ट्याचे टाके हातानं दाभणानं घातले. दोन पिशव्या तयार झाल्या त्या बघून लेक म्हणाली, "आई, ह्या तर दुकानातल्यापेक्षा भारी हायत."

भारी होत्या, पण लोंबकळत होत्या. पहिल्याच फेरीत डावी पिशवी चाकाला घासली आणि एका परकराची नाडी बाहेर येऊन तारांत गुंडाळली. उजवी सायलेन्सरला चिकटून भाजली. पिशवीला मागून टेकायला काहीतरी पाहिजे होतं. लोखंडी चौकट, चाकापासून आणि सायलेन्सरपासून पिशवी लांब धरणारी. त्यासाठी आम्ही भूमला गेलो.

वेल्डर मालकांच्याच वयाचा होता. काळा चष्मा कपाळावर सरकवून त्यानं गाडीकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. माझ्याकडं बघून म्हणाला, "वहिनी, तिकडं सावलीत बसा."

मी बसले नाही.

"किती वजन घालणार?" त्यानं ह्यांना विचारलं.

"असंल वीस किलो," हे म्हणाले.

"तीस," मी म्हणाले. "दोन्ही मिळून तीस."

"तीस म्हणती," हे म्हणाले, जसं काही मी दुसऱ्या भाषेत बोलले होते.

"आन चालवतं कोण?"

"मीच की," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी बघितलं नाही. वेल्डर म्हणाला, "मग बसा की भाऊ गाडीवर, पाय बघू दे कुठं येतात." आणि सहा वर्षं ज्यानं त्या गाडीला किक मारली नव्हती तो माझा नवरा टांग टाकून बसला. उंच माणूस. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, गुडघे पुढं. वेल्डरनं खडूनं खूण केली. त्यांच्या पोटरीच्या मागं चार बोटं सोडून.

तिथं मी बोलायला पाहिजे होतं. माझा पाय पुढं पडत नाही, मागं पडतो, पायदानाच्या मागं. त्या खुणेवर चौकटीचा कोपरा आला तर तो बरोबर माझ्या पोटरीवर येणार होता. मला दिसत होतं. जसं कापड अंगावर टाकल्याबरोबर दिसतं, काखेत ओढणार आहे. पण माझा पाय कुठं पडतो हे सांगायचं तर गाडी कोण चालवतं ते सांगावं लागलं असतं, आणि मग का, तेही. माझ्या नवऱ्यानं एका शब्दात माझं तोंड शिवून टाकलं होतं.

बोलता आलं तेवढं बोलले. "दादा, खाली तिसरा टेकू द्या. नुसत्या वरच्या दोन बोल्टांवर राहिली तर खड्ड्यात फ्रेम आत वळंल."

वेल्डर ह्यांना म्हणाला, "काय भाऊ, द्यायचा का तिसरा?"

"दोन बास," हे म्हणाले. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं. कुणी ओळखीचं आलं असतं तर?

फ्रेम झाली. काळा रंग मारला. हे पुन्हा गाडी ढकलत कडब्याच्या अड्ड्यापर्यंत आले आणि तिथं मला म्हणाले, "घे."

पहिल्याच थांब्याला कोपरा पोटरीला लागला. घरी येऊन बघितलं तर हिरवा डाग. मी म्हणाले, "अहो, ही बदलून आणावी लागंल. माझा पाय अडकतोय."

"सवय हुईल."

"तुमचा पाय न्हाय अडकत तिथं. माझा अडकतो."

"एवढं काय त्यात. चिंधी बांध कोपऱ्याला."

मी चिंधी बांधली. हे मला लिहावंसं वाटत नाही, पण मी चिंधी बांधली. पाच-सहा बाजार तशीच गेले.

मग ईटच्या बाजाराला जाताना एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. वेग नव्हता. ब्रेक लावला, नेहमीसारखी डाव्या अंगाला सरकले, पाय खाली सोडला आणि तो खाली गेलाच नाही. सलवारीचा घोळ आणि पोटरी, दोन्ही चौकटीच्या कोपऱ्यात आणि पायदानात अडकले. थांबलेली गाडी माझ्यासकट आडवी झाली. एवढंच. पळत्या गाडीवरून पडले असते तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. मी थांबलेल्या गाडीवरून पडले. डावा हात खाली आला आणि मनगटात काहीतरी वाळल्या काटकीसारखं वाजलं. चौकट आत दबून चाकाला लागली. वरच्या दोन बोल्टांवर, तिसऱ्या टेकूवाचून.

पिशव्या फाटल्या नाहीत. माझा एक टाका उसवला नाही.

शेळ्यांवाल्या म्हातारीनं आधी मला ओढून बाहेर काढलं, मग शेळ्यांना शिव्या दिल्या. एक जीप थांबली. त्यातला एक माणूस उतरून म्हणाला, "मालक कुठंयत? बाईमाणसाच्या हातात गाडी देतात व्हय!" म्हातारी त्याला म्हणाली, "तू उचलायला उतरला का भाषण करायला?" म्हातारीचं ते वाक्य मला त्या दिवशी औषधासारखं लागलं.

भूमच्या दवाखान्यात हातावर प्लॅस्टर चढवून मी व्हरांड्यात बसले होते तेव्हा मालक आले. एसटीनं आले असावेत, पायाला धूळ. माझ्या हाताकडं बघितलं. डोळे भरले होते त्यांचे, ते मला दिसलं. आणि म्हणाले काय?

"मी म्हणत व्हतो, सावकाश जात जा."

तेव्हा मला जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी ओरडले. व्हरांड्यात बाळंतिणींचे नातेवाईक बसले होते, एक पोलीस होता, सगळे वळले. "सावकाश? थांबल्याली व्हते मी! थांबल्याली! तुमच्या पायाच्या मापानं माझा हात मोडलाय, कळतंय का तुम्हाला? मीच की, म्हणालात. बसला टांग टाकून. आता बसा की. चालवा की. न्या मला घरी गाडीवर!"

ते खाली मान घालून म्हणाले, "हळू बोल. लोक बघाय लागलेत."

लोक. सहा वर्षं ह्या लोकांनी माझ्या घरात फुकट मुक्काम केला होता.

पुढचे दीड महिने मी हात गळ्यात अडकवून बसले. मशीन झाकून ठेवलं. जे परकर शिवून तयार होते त्यांत नाड्या ओवायच्या राहिल्या होत्या. एका हातानं नाडी ओवता येत नाही. मालक ओट्यावर बसून सेफ्टीपिनेला नाडी अडकवून ओवायला लागले. येणारे-जाणारे बघायचे. एकजण म्हणालाही, "काय, परकर चालू केला का?" ते हसून म्हणाले, "व्हय. आता साडी ऱ्हायली." रोज सकाळी माझी वेणी घालायचे, वाकडी. भाकरी थापायचे, जाड. कुणी म्हणेल, अशा नवऱ्यावर किती दिवस राग धरायचा. मी धरला. ते नाडी ओवत असताना मी त्यांच्या बोटांकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, ही बोटं एवढं नाजूक काम करतात, मग तोंडातून तीन शब्द का निघाले नाहीत? गाडी हिची आहे. एवढंच. फिटेचं सांगू नका. मणकाच सांगा तिथंही. पण गाडी हिची आहे, हिचा पाय मोजा, एवढं म्हणायला काय जात होतं?

एका दुपारी मी तेच विचारलं. त्यांनी नाडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्यानं इचारलं आन मला वाटलं, एकदा तरी व्हय म्हणावं. बसून बघावं."

मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा पुन्हा राग आला. कारण माझ्या रागाला आता कुठं जायला जागा उरली नव्हती.

प्लॅस्टर निघालं. मनगट बारीक झालं होतं, पण क्लच दाबता येत होता. गावातल्या मेकॅनिकनं हँडल सरळ करून दिलं होतं. वाकलेली फ्रेम काढून मी पिशवीत घातली आणि म्हणाले, "मी भूमला चाललेय. यायचं असंल तर बसा."

ते बसले. कडब्याचा अड्डा आला तसा सवयीनं त्यांनी माझ्या खांद्यावर हात दाबला. "थांब."

"उतरायचं असंल तर उतरा," मी म्हणाले. "गाडी हळू करते. थांबणार न्हाय आन तुमच्या हातात देणार बी न्हाय."

मी खरंच हळू केली. अड्डा मागं गेला. खांद्यावरचा हात तसाच राहिला. आम्ही दोघं गाडीवर बसून दुकानासमोर गेलो.

वेल्डरनं चष्मा वर केला. "वहिनी चालवतात व्हय?"

मी वाकलेली फ्रेम त्याच्या पुढ्यात टाकली. दोन्ही हातांची मनगटं शेजारी शेजारी धरून दाखवली, एक जाड, एक बारीक. "ही तुमची फ्रेम. आन हा माझा हात."

त्यानं फ्रेम उलटून बघितली. मग त्याला राग आला, आणि तो राग खोटा नव्हता. "वहिनी, मी भाऊंच्या पायाचं माप घेतलं. म्या इचारलं व्हतं, चालवतं कोण. तुमच्यासमोर इचारलं. तुम्ही तिथंच व्हता की उभ्या. कामून बोलला न्हाईत?"

"तिसरा टेकू तर मागितला व्हता मी!"

"मागितला. भाऊ म्हणाले दोन बास."

आता आम्ही दोघंही मालकांकडं बघत होतो. ते गाडीपाशी उभे होते, सीटवर हात ठेवून. मला वाटलं, आता मणका येणार. मी तयार होते, मणका आला तर मी तिथंच गाडीला किक मारून त्यांना सोडून निघून जाणार होते.

"गाडी हीच चालवती," ते म्हणाले. "आधीपासून. मला फिट येती. मला चालवाय बंदी हाय."

एवढंच म्हणाले. शेजारच्या टायरच्या दुकानातले दोघं ऐकत होते.

वेल्डरच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं. तो एकदम पुढं झाला, ह्यांना दंडाला धरून मशीनपासून लांब नेलं. "हितं नका, हितं ठिणग्या उडत्यात. तिकडं बसा. बसा, बसा." एका लाकडी पेटीवर बसवलं, लहान पोराला बसवावं तसं. मग माझ्याकडं वळला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलला.

"वहिनी, कधीपासनं हाय ह्यांना?"

मी पेटीवर बसलेल्या ह्यांच्याकडं बघितलं.

"गोळ्या चालू हायत का? आन ह्यांना चहा चालतो का? का चहानं बी येती?"

काही महिन्यांपूर्वी ह्याच माणसानं माझ्या खांद्यावरच्या पिशव्यांबद्दल माझ्या नवऱ्याला विचारलं होतं. आता माझ्या नवऱ्याच्या चहाबद्दल मला विचारत होता. नवरा चार हातांवर बसलेला. फिट येते म्हटल्याबरोबर तो बहिरा झाला होता, मुका झाला होता, बाईमाणूस झाला होता.

"त्यांना विचारा," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "बसलेत की समोर. तोंड हाय त्यांना."

वेल्डर ओशाळला. "तसं न्हाय वहिनी..."

"तसंच हाय. मला सावलीत बसवून त्यांना विचारता. आता त्यांना पेटीवर बसवून मला विचारता. ज्याचं हाय त्यालाच विचारायचं, एवढं कळत न्हाय का तुम्हाला?"

पेटीवरून मालक म्हणाले, "चहा चालतो. साखर कमी सांगा." आणि मग, माझ्याकडं न बघता, "तिचं माप घ्या आता. आन तिसरा टेकू द्या."

मी गाडीवर बसले. एका अंगाला सरकून पाय खाली सोडला, दोनदा, तीनदा, जसा पडतो तसा. वेल्डरनं पायदानाच्या मागं एक वीतभर जागा सोडून खूण केली. फ्रेमचा पुढचा कोपरा कापून तिरपा करायचा ठरला. खालचा टेकू मागच्या पायदानाच्या बोल्टाला घेतला. मग मीच म्हणाले, पाठीमागं एक टेकणंही करा. मागं बसणाऱ्याच्या पाठीला आणि दोन्ही कुशींना धरील असं, पाळण्याच्या कठड्यासारखं. त्यानं कुणासाठी म्हणून विचारलं नाही. पाण्याच्या पाइपचा तुकडा वाकवून केलं. गादी मी घरी शिवली, उरलेल्या रेक्झिनची.

डॉक्टरांना ते टेकणं दाखवलं तर ते म्हणाले, ह्यांना एसटीनंच नेत जा. एसटी वेळेवर येते त्या दिवशी एसटीनंच नेते.

आता फ्रेम कुठं लागत नाही. तीस किलो काय, चाळीस घातले तरी हलत नाही. पण त्या दुकानातली गोष्ट टायरच्या दुकानातून चहाच्या गाड्यावर आणि तिथून कारखान्यावर जायला आठ दिवसही लागले नाहीत. सीझनच्या तोंडाला ठेकेदाराचा निरोप आला, गव्हाणीवर नको. दुसरीकडं बघू. ते 'बघू' अजून चालू आहे.

मालक मला कधी म्हणाले नाहीत की तुझ्यामुळं. म्हणाले असते तर मी भांडले असते. गव्हाणीपाशी फिट येऊन साखळीत गेले असते तर, हे मला कळतं. सहा वर्षं रोज संध्याकाळी ते घरी येईपर्यंत मला हेच वाटायचं. तरी ठेकेदाराचा राग येतो. ज्यानं सांगितलं त्याचा येतो. आणि खरं सांगितलं की घरातली भाकर जाते म्हणून सहा वर्षं माणूस खोटं बोलतो, आणि त्या खोट्यात तिसऱ्याचंच हाड मोडतं, ह्याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

ते आता माझ्याबरोबर बाजाराला येतात. परकर विकणं त्यांना माझ्यापेक्षा बरं जमतं. "नाडी घालून तयार, घरी जाऊन नुसता नेसायचा," असं ओरडतात. बायका आधी लाजल्या, मग थांबायला लागल्या.

मागच्या महिन्यात ईटच्या बाजारात त्यांना फिट आली. भर दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना. बऱ्याच दिवसांनी आली. आदल्या दिवशी गोळी चुकली होती. मी त्यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली घड्या घातलेले परकर सरकवले आणि भोवतालचे पालाचे दगड, खुंट्या बाजूला केल्या. एवढंच करायचं असतं. पण तेवढ्यात गर्दी झाली. एकानं चप्पल काढली आणि नाकाशी आणायला लागला. मी त्याचा हात झटकला. दुसरा म्हणाला, दातांत चमचा घाला. तिसरा फोन वर करून उभा.

"तो फोन खाली घे," मी म्हणाले. "आन तुम्ही चप्पल पायात घाला. कुणी हात लावायचा न्हाय. वारं सोडा."

एक वयस्क माणूस, चांगल्या घरचा दिसत होता, हळू आवाजात म्हणाला, "बाई, अशा माणसाला बाजारात आणूच नये. घरी ठेवावं."

"का?" मी म्हणाले. "तुमचं काय घेतलं त्यांनी?"

मी पुन्हा विचारलं, का. मला खरंच उत्तर पाहिजे होतं. तो गर्दीत मागं सरकला.

दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चाचींनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. मालक थोड्या वेळानं डोळे उघडून वर बघायला लागले. तोंडातून लाळ आली होती, ती मी ओढणीनं पुसली. त्यांनी हळूच विचारलं, "कुणी कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतील. पण त्यांना झोप लागली, फिटेनंतर लागते तशी, गाढ. मी त्यांच्यावर एक जुनी चादर टाकली आणि तशीच बसून राहिले. गर्दी पांगली. एक पोरसवदा बाई कडेवर लेकरू घेऊन लांबून बघत होती, ती जवळ आली. झोपलेल्या माणसाकडं एकदा बघून तिनं खाली वाकून निळ्या परकराला हात लावला.

"हा केवढ्याला?"

मी सांगितलं. तिनं कमी करायला सांगितलं. मी केलं नाही. तिनं घेतला.